काचेचे घर आणि विटांचे घर: रचनाकाराचा लैंगिक कल नकाशात दिसतो का?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

देवडी:
अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, न्यू कॅनन येथे, वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांनी स्वतःसाठी बांधलेले 'ग्लास हाउस' (१९४९) आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना सहसा पहिल्या-दुसऱ्या वर्षातच भेटते. छप्पन्न फूट लांब, बत्तीस फूट रुंद, चारही बाजूंना काच, आणि आत छतापर्यंत जाणारी एकच बंदिस्त गोष्ट, ती म्हणजे न्हाणीघर पोटात घेतलेला विटांचा गोल बुरूज. वर्गातल्या स्लाइडवर जे क्वचितच येते ते त्याच्या समोरचे, त्याच सुमारास बांधलेले विटांचे घर. काचेच्या घराकडे तोंड करून असलेल्या त्याच्या भिंतीला दार आहे, खिडकी एकही नाही. तीन गोल खिडक्या आहेत त्या मागच्या बाजूला. हे पाहुण्यांचे घर म्हणून ओळखले जाते. १९५३ मध्ये जॉन्सन यांनी त्याच्या आत कापडाने मढवलेल्या भिंती आणि घुमटाकार छत असलेले, मंद उजेडाचे शेजघर करून घेतले. काचेच्या घराला ऊब आणि वीज पुरवणारी यंत्रणाही याच विटांच्या घरात आहे. जोडणी जमिनीखालून जाते.

माझे म्हणणे असे की हा जोड समलिंगी माणसाच्या त्या काळातील जगण्याचाच नकाशा आहे. जगाला दाखवण्यासाठी एक घर, ज्यात लपवण्यासारखे काहीच नाही. आणि जगण्यासाठी दुसरे, ज्यात डोकावता येत नाही. अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तेव्हा समलिंगी संबंध गुन्हा होते. तो कायदा सर्वांत आधी रद्द केला तो इलिनॉय राज्याने, तोही थेट १९६१ साली, आणि ती दुरुस्ती अमलात आली १९६२ मध्ये. कोणी कोणाला कुठून पाहावे हे ज्याला रोज जपावे लागते, तो घर बांधताना ते विसरेल कसा? क्विअर (म्हणजे समलिंगी आणि रूढ लैंगिक चौकटीबाहेरच्या) रचनाकारांचा डिझाइनवरील प्रभाव शोधायचा तर तो रंगसंगतीत किंवा झुंबरांत न शोधता नजरेच्या या हिशेबात शोधावा.

ओळंबा:
लेख नीटनेटका आहे, पण पटला नाही. मी तीस वर्षे साइटवर काढली आहेत आणि नकाशातून मालकाचे मन वाचणाऱ्यांपासून सावध राहायला शिकलो आहे. पहिली गोष्ट, काचेचे घर ही मूळ कल्पना जर्मन वास्तुरचनाकार मीस व्हॅन डर रोह यांची. त्यांच्या फार्न्सवर्थ हाउस या काचेच्या घराची प्रतिकृती जॉन्सन यांनी १९४७ च्या न्यूयॉर्कमधील प्रदर्शनात मांडली होती आणि हे ऋण त्यांनी कधी लपवले नाही. ते घर एका डॉक्टर स्त्रीसाठी होते. मग काच कोणाच्या लैंगिक कलाची मानायची? दुसरी गोष्ट, १९५० मध्ये जॉन्सन यांनी स्वतः आपल्या घरामागच्या प्रेरणा क्रमाने छापल्या आहेत: मीस, जुने जर्मन वास्तुरचनाकार शिंकेल, अगदी जळून गेलेल्या एका लाकडी गावात उभी राहिलेली विटांची धुराडीसुद्धा. जे त्यांनी त्या यादीत घातले नाही, ते आपण सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी घालणार का?

आणि नजरेचा हिशेब म्हणाल, तर तो आपल्या कोणत्याही वाड्यात आहे. दिंडीतून आलेला परका देवडीवर थांबतो, ओळखीचा ओसरीवर बसतो, माजघरात फक्त घरचे. (आपण घेतलेले टोपणनावच पाहा, देवडी.) तो वाडा बांधणारा गवंडी कोणत्या लैंगिक कलाचा होता, हे कोणी विचारत नाही.

देवडी:
ओळंबाजी, १९५० मध्ये छापलेल्या यादीत ती गोष्ट कशी येणार? तुरुंगाची भीती असलेला माणूस ती छापत नाही. धुराडी मात्र मलाही मान्य. बुरुजाचे मूळ तेच आहे. वाड्याचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. वाडा नजरेचा हिशेब करतो तो एकत्र कुटुंबासाठी: बाई कुठे, पाहुणा कुठे, हे ठरलेले असते. ज्यांचे कुटुंब कायद्याने आणि समाजाने कुटुंब मानलेच नाही, त्यांना हा हिशेब नव्याने मांडावा लागला. डेव्हिड व्हिटनी हे १९६० पासून जॉन्सन यांचे जोडीदार होते, आणि दोघेही २००५ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने गेले. पंचेचाळीस वर्षांच्या सहजीवनाला वास्तुशास्त्राच्या इतिहासात एक ओळ मिळत असेल, तर ते मौनही कोणीतरी ठरवलेलेच असते.

निळीशाई:
जॉन्सन यांना वारशाच्या देव्हाऱ्यात बसवण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे की याच गृहस्थांनी तिशीच्या दशकात नाझींची उघड भलामण केली होती आणि १९३९ मध्ये जर्मन सैन्यामागोमाग पोलंडमध्ये जाऊन वार्तांकन केले होते. दडपलेला माणूस दुसऱ्याला दडपणाऱ्यांच्या बाजूने उभा राहू शकतो. 'क्विअर दृष्टी' म्हटले की आपोआप कणव येते, असे कोणी समजू नये.

त्यापेक्षा वास्तुरचनाकार आयलीन ग्रे यांच्याकडे पाहा. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर, रोकब्रून येथे त्यांनी १९२६ ते १९२९ या काळात ई-१०२७ हे घर बांधले. त्यांचे प्रेमसंबंध स्त्रियांशीही होते, पुरुषांशीही. हे घर त्यांनी आपले जोडीदार, वास्तुरचनाकार झां बादोविची यांच्यासाठी उभारले आणि त्याच्या नावातच दोघांची आद्याक्षरे गुंफली: ई म्हणजे आयलीन, १० म्हणजे इंग्रजीतले दहावे अक्षर जे (झां), २ म्हणजे बी (बादोविची), ७ म्हणजे जी (ग्रे). प्रवेशापाशी भिंतीवर फ्रेंचमध्ये रंगवले आहे, 'सावकाश आत या'. आत शिरताच सगळे घर दिसत नाही. आडव्या भिंतीला वळसा घालून जावे लागते. आणि मग १९३८-३९ मध्ये नामवंत वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांनी, ग्रे यांना न विचारता, या घराच्या भिंतींवर मोठाली चित्रे रंगवली! ग्रे यांना तो घराचा विध्वंस वाटला. पुढची कित्येक वर्षे घराचे श्रेय बादोविचींना, कधी कॉर्बुझिएंनाही, दिले गेले. ओळंबाजी म्हणतात तसे 'काम पाहा, माणूस पाहू नका' असे म्हटले की व्यवहारात बऱ्याचदा हेच घडते: काम राहते, माणूस बदलला जातो.

ओळंबा:
श्रेयाचा मुद्दा बिनशर्त मान्य. पण ग्रे यांचे श्रेय हिरावले गेले ते त्या स्त्री होत्या आणि एकट्याने काम करत होत्या म्हणून. प्रत्येक अन्याय एकाच खात्यावर टाकू नये.

माझी खरी अडचण श्रीलंकेचे वास्तुरचनाकार जेफ्री बावा यांच्याबाबत आहे. आपल्या मुंबई-पुण्याच्या कॉलेजांच्या सहली श्रीलंकेला जातात त्या त्यांच्यासाठीच, आणि हल्ली परतलेली मुले प्रबंधात लिहितात की बावांची दडलेली अंगणे म्हणजे दडलेले आयुष्य. ही अंगणे कोलंबोच्या दमट हवेसाठी आणि अरुंद प्लॉटसाठी आहेत. पन्हाळी सिमेंटच्या पत्र्यावर अर्धगोल मातीची कौले बसवायची, म्हणजे गळती थांबते आणि छप्पर दिसते मात्र जुन्या गावातल्यासारखे, ही त्यांची युक्ती मला दहा तात्त्विक निबंधांपेक्षा मोलाची वाटते. बावा आपल्या खासगी आयुष्याबद्दल जाहीरपणे बोलले नाहीत. २००३ मध्ये ते गेले. जे त्यांनी झाकून ठेवले ते त्यांच्या पश्चात उघडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

देवडी:
हा प्रश्न अवघड आहे आणि मी तो टाळणार नाही. त्यांचे समलिंगी असणे निकटच्यांना ठाऊक होते आणि त्यांच्यावरील लेखनात आता ते येते. म्हणजे आपण काही उघडत नाही. ते न बोलण्यामागे स्वभाव किती आणि समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारी श्रीलंकेच्या दंडविधानातील ३६५ व ३६५-अ ही कलमे किती, हे कोण सांगणार? अंगणे हवामानासाठी आहेत, हे कबूल. पण बेंटोटाजवळचे लुनुगंगा पाहा. १९४८ मध्ये घेतलेली रबराची जुनी इस्टेट ते पुढे जवळपास पन्नास वर्षे घडवत राहिले. घरातून तळ्याचे पाणी दिसावे म्हणून त्यांनी मधल्या टेकडीचा माथा उतरवला, आणि त्याच दृश्यातून जाणारा सार्वजनिक रस्ता असा खाली दडवला की बसल्या जागेवरून येणारे-जाणारे दिसतच नाहीत. रस्ता काही पावसामुळे दडवावा लागत नाही.

ओळंबा:
दृश्यात नको ते खंदकात दडवण्याची ही युक्ती इंग्रज जमीनदारांच्या बागांत अठराव्या शतकापासून आहे. तेही सगळे समलिंगी होते काय?

गेरू:
मी इंटिरिअरची कामे करते, त्यामुळे मोठ्या नावांविषयी बोलत नाही. (एल्सी डी वुल्फ यांचा अपवाद करते. एलिझाबेथ मार्बरी या जोडीदारासोबत राहणाऱ्या या बाईंनी १९०५ नंतर न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लब या स्त्रियांच्या क्लबमधून जाड पडदे आणि काळपट लाकूड हद्दपार केले. पैसे घेऊन घर सजवणे हा व्यवसाय म्हणून रुजला त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.) आमच्या क्षेत्रात 'असले' पुरुष फार, हे मी वीस वर्षे कुजबुजीत ऐकते आहे. एका कार्यालयात तर अशाच एका सहकाऱ्याला कापड आणि रंग निवडायला बसवत आणि साइटवर मिस्त्रींसमोर पाठवत नसत, 'ते ऐकणार नाहीत' म्हणून. तो आता उत्तम टर्नकी (आराखड्यापासून चावी हातात देईपर्यंतची) कामे घेतो. 'त्यांची नजर वेगळी असते' असे कौतुक करतानाही आपण त्यांना त्याच कोपऱ्यात बसवतो, याचे भान देवडींनी ठेवावे.

पण ओळंबाजींना एक घर सांगते. पुण्यात दोन पुरुषांनी मिळून घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट मी केला. दुसऱ्या खोलीचे काम त्यांनी पहिल्या खोलीहून बारकाईने करून घेतले: कपाट, वाचनाचा दिवा, चप्पल ठेवायची जागा, सगळे. गावाहून आईवडील आले की एकाने तिथे झोपतो असे दाखवायचे. वर्षभराने गळती बघायला गेले, तर चादर अंथरलेली होती, गादीवरचे प्लॅस्टिक मात्र तसेच, आणि पंख्याच्या रेग्युलेटरवरची पातळ फिल्मही कोणी काढलेली नव्हती. मला न्यू कॅननचे विटांचे घर आठवले, फक्त उलटे: इथे दाखवायची खोली बंद होती. ही खोली ना हवामानाने मागितली होती, ना प्लॉटने.

ओळंबा:
ही खोली मानतो, कारण ती मागणाऱ्यांनी स्वतः मागितली आणि का हवी तेही सांगितले. बावांनी असे कोणालाही सांगितले नव्हते, आणि तेवढ्यासाठी माझा आक्षेप मी मागे घेत नाही. एकच विचारतो: नकाशावर त्या खोलीचे नाव आपण काय लिहिले होते?

गेरू:
'पॅरेंट्स बेडरूम'. सोसायटीच्या परवानगीसाठी दिलेल्या प्रतीवरही तेच आहे.