झावळी, झाप की हिरवी जाळी? सुक्क्याच्या छपरावरून

दिमोनाकर
सुक्कोथच्या सणात आपण ज्यू ज्या मांडवात जेवतो, त्या सुक्क्याच्या छपराबद्दल परवा इथे एकाने लिहिलं, "सावली पडली म्हणजे झालं. रोपवाटिकेची हिरवी जाळी ताणा, पावसाची भीती असेल तर वरून ताडपत्री. झावळ्यांचा हट्ट ही म्हाताऱ्यांची हौस आहे." दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

ही हौस नाही, मिश्ना आहे, आपला जुना नियमसंग्रह. त्यातल्या सुक्का मसेखेत या भागाच्या पहिल्याच अध्यायात स्वच्छ लिहिलंय: जे जमिनीतून उगवतं आणि ज्याला तुमा, म्हणजे विधीतली अशुद्धता, लागत नाही, त्याचंच स्खाख, म्हणजे सुक्क्याचं छप्पर. प्लास्टिकची जाळी कुठल्या शेतात उगवते? भिंती हव्या त्या करा. पत्रा लावा, फळ्या लावा, वाऱ्याने हलणार नाही असं घट्ट बांधलेलं कापड लावा. अट आहे ती छपराला. उन्हासाठी छपरावर चादर घातली, किंवा पानं गळतात म्हणून खाली ताणली, तर सुक्का बाद. हेही तिथेच आहे. आणि पावसात बसायची सक्ती कुणी केलीय? पानातलं जेवण बिघडण्याइतका पाऊस आला की उठून घरात जायचं, ही मोकळीकसुद्धा मिश्नानेच दिलीय.

ठाणे पश्चिम
जाळीचं मी लिहिलं होतं, म्हणून उत्तर देतो. तुमच्याकडे इस्राएलमध्ये सणाआधी नगरपालिका खजुराची झाडं छाटतात आणि फांद्या लोकांना नेऊ देतात. आमच्याकडे सोसायटीची गच्ची मिळवायलाच सेक्रेटरीच्या चार पायऱ्या चढाव्या लागतात. गेल्या वर्षी सव्वीस झावळ्या आणल्या. लिफ्टमध्ये मावेनात, सात मजले खांद्यावरून नेल्या. वर पोचलो तर परतीचा पाऊस. मुलगी भिजली, तापाने फणफणली. त्या रात्री जाळी मनात आली, तर एवढं काय चुकलं माझं?

अलिबागची माहेरवाशीण
भाऊ, मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण त्यावर उपाय जाळी नव्हे. ताडपत्री पाऊस असेपर्यंत ठेवा, जेवायला बसताना बाजूला सारा. एवढं चालतं. फक्त झावळ्या घालताना वर काही नको.

आमच्या वाडीत गडी माडावर चढायचा आणि आजोबा खालून ओरडायचे, "हिरवीच काढ रे!" पहिल्या रात्री ओल्या पात्यांचा वास यायचा. सातव्या दिवशी तीच पाती तपकिरी होऊन वळायची आणि वाऱ्याने एकेक तूस ताटातल्या भातावर पडायचं. आजी बोटाने ते उचलायची आणि जेवत राहायची. एकदा मामांनी कष्ट वाचवायला झावळ्यांचे विणलेले झाप आणले. आजोबांनी परत पाठवले. का, ते आम्हाला कधी कळलं नाही.

येशीवातला
आजोबा बरोबर होते, ताई. चटई निजण्यासाठी केलेली असेल तर तिला तुमा लागतो. छपरासाठी केलेली चालते. पण शुल्हान आरूख या नियमांच्या ग्रंथावर रमा या धर्मगुरूंची टीप आहे: जिथे घरांच्या छपराला कायम चटया घालायची रीत आहे, तिथे त्या सुक्क्यावर घालू नयेत, कारण ते घराच्या छतासारखं दिसतं. कोकणात झाप घरांवरच घालत होते. म्हणून झाप बाद.

अश्दोदची मावशी
थांब बाळा. रमा म्हणजे क्राकोचे रब्बी. पोलंडच्या थंडीत बसून त्यांनी रेवदंड्याचा झाप पाहिला होता का? आपण सफारादी रीतीचे, पोलंडच्या नव्हे. झाप निजण्यासाठी कुणी विणत नाही, तो विणतात तेव्हाच छपरासाठी. म्हणजे मिश्नाची अट पुरी होते.

आणि आम्हाला हे शिकवायला येऊ नका. १९६२ साली रब्बींच्या सूचना निघाल्या, बेने इस्राएलचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं, लग्न लावायचं तर आधी पिढ्या तपासा. माझी आई एका कार्यालयात बाकावर दोन तास बसली आणि तिला विचारलं, तुझी आजी कोण, तिची आई कोण. जिने आयुष्यात शब्बाथला, विश्रांतीच्या शनिवारी, चूल पेटवली नाही, तिला! १९६४ मध्ये जेरुसलेमला बायकापोरांसकट धरणं धरलं, तेव्हा कुठे क्नेसेटने, म्हणजे संसदेने, ठराव केला की आम्ही सर्व बाबतींत पूर्ण ज्यू.

येशीवातला
मावशी, मी त्या वेळी जन्मलोही नव्हतो. छपराचं विचारलं, छपराचं सांगितलं. दर वेळी १९६२ कशाला काढायचं?

अश्दोदची मावशी
कारण तुझ्या तोंडून "बाद" हा शब्द इतक्या सहज निघाला. तो आम्ही फार ऐकलाय.

दिमोनाकर
मावशींच्या बाजूने बोलतो. माझ्या वडिलांनीही त्या धरण्यात रात्री काढल्या. पण वडीलच सांगायचे, आम्ही भांडलो ते हालाखा, म्हणजे धर्माचे नियम, आमचीही आहे म्हणून, ती सोडायची म्हणून नव्हे. पोरावर राग काढू नका.

ठाणे पश्चिम
माझी जाळी कुठल्या कुठे राहिली. बाजारात बांबूच्या तयार चटया मिळतात, गुंडाळून लिफ्टमध्ये मावतात. त्या?

येशीवातला
सुक्क्यासाठी म्हणूनच केलेल्या आणि हेखशेर, म्हणजे रब्बींची मान्यता, असलेल्या घ्या. ज्या नायलॉनच्या दोऱ्याने ओवलेल्या असतात, त्यांवर वाद आहे, कारण पट्ट्या दोऱ्याच्या आधाराने राहतात. आणि मावशी, रमाची टीप सफारादींना बांधील नाही, हे मी आधीच म्हणायला हवं होतं. मात्र झाप दुहेरी घालू नका. जोराचा पाऊसही आत येणार नाही इतकं दाट झालं की रब्बेनू ताम या जुन्या रब्बींच्या मते सुक्काच राहत नाही.

अश्दोदची मावशी
एकेरीच घालतो. आमचा एकेरी झाप गळतो, तुझे रब्बेनू ताम निश्चिंत राहोत. आणि माझा आवाज चढला, ते मनावर घेऊ नकोस.

अलिबागची माहेरवाशीण
ठाण्याचे भाऊ, चटईच घ्या. पण वर दोन झावळ्या तरी टाका. सव्वीस नकोत, दोन. मुलीला त्यांचा वास कळू दे.

ठाणे पश्चिम
दोन आणतो. जिन्याने.