लाकडी कानातले लेथवर: भोक पाडताना चकती दुभंगते

प्रश्न: एसटी वर्कशॉपातून निवृत्त झालो, आता घरी लाकूड फिरवून कातायचा छोटा लेथ घेतलाय. सुनेसाठी शिवणीच्या गोल दांड्यातून 25 मिमीच्या चकत्या कापतो, जाडी 3 मिमी. दिसायला सुरेख! पण हुकसाठी 1 मिमीचं भोक पाडलं की टचकन दोन तुकडे. आतापर्यंत पाच जोड्या गेल्या. लोखंड कधी असं रुसलं नाही हो.

उत्तर १: काका, दांडा आडवा कापलात की लाकडाच्या तंतूंच्या रेषा जाडीतून आरपार जातात. अशी चकती बिस्किटासारखीच मोडणार. पातळ फळीतून चौकोन घ्या, दुहेरी चिकटपट्टीने टाकाऊ ठोकळ्यावर बसवा आणि मग काता. भोक आधीच, खाली भंगार फळी ठेवून. कानातलं टांगल्यावर रेषा आडव्या यायला हव्यात, म्हणजे भोकावरचा अरुंद पट्टा टिकतो.

उत्तर २: रंगाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी झळाळी हवी तर लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवा. घर्षणानेच वितळून बसते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर तर वरून केवड्याच्या जातीचं पान दाबून चकाकी आणतात. लाकूड मात्र खडखडीत वाळलेलं हवं.

प्रश्नकर्ता: फळीतून केलं. जोडी शाबूत! फक्त एक कानातलं अर्धा मिमी जाड झालंय. सुनेला सांगितलं नाही.