'सिरियाना': अवघड, की नुसताच गुंतवलेला?

तापीकाठ, जळगाव
काल रात्री 'सिरियाना' (२००५) हा तेलाच्या राजकारणावरचा हॉलिवूडपट दुसऱ्यांदा पाहिला. सीआयएचा हेर, जिनिव्हातला ऊर्जा सल्लागार, वॉशिंग्टनचा वकील, आखातात राबणारा पाकिस्तानी पोरगा वासिम. चार वाटा, आणि एकीवरही धड पाय ठरत नाही. जॉर्ज क्लूनीला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, ते ठीक. पण कोणी कोणाला का मारलं हे समजायला कागद-पेन घेऊन बसावं लागत असेल, तर थरार कसला? गोंधळ घातला की गंभीर दिसतं, एवढंच.

केळीचा घड, रावेर
दादा, गोंधळ त्या तेलाच्या धंद्यातच आहे. वायूचं कंत्राट चिनी कंपनीला जातं आणि वासिमची न् त्याच्या बापाची नोकरी सुटते. ठरलं कुठे, त्यांना काय ठाऊक? इराणवरच्या निर्बंधांतून अमेरिकेने दिलेली सवलत मे २०१९ मध्ये संपली, भारताने इराणचं तेल घेणं थांबवलं. रावेरला कोणी विचारलं होतं? आमची केळी आखातात जाते. तिकडे जरा खुट्ट झालं की व्यापारी बोर्डावर जाहीर झालेल्या भावापेक्षा कमी भावात माल मागतो. कारण विचारलं तर आकाशाकडे बघतो.

तापीकाठ
केळीचं पटलं. पण वासिमला कळत नाही म्हणून मलाही कळू नये? 'सिरियाना' लिहिणाऱ्या याच स्टीफन गॅगनने 'ट्रॅफिक' लिहिला होता, पटकथेचं ऑस्करही मिळवलं. तिथेही वाटा अनेक. पण दिग्दर्शक सोडरबर्गने मेक्सिको पिवळसर ठेवला, वॉशिंग्टन निळसर. डोळ्याला लगेच कळायचं आपण कुठे आहोत. इथे दिग्दर्शनही गॅगनचंच, आणि प्रेक्षक वाऱ्यावर.

धुळेकर
भाऊ, माले तेलनं काहीच समजनं नही. पन त्या सल्लागारना पोऱ्या मरस, राजपुत्र बापले कंत्राट देस, आनि बाप ते लेस बी! तठे मी टीव्ही बंद करा.

भुसावळ जंक्शन
तुम्ही सगळे मांडणीवर भांडताय, माझं दुखणं वेगळं आहे. सुधारणा करू पाहणारा राजपुत्र नासिर अमेरिकेला नको असतो, म्हणून क्षेपणास्त्राने उडवतात. हे पाहताना इराणचा मोसद्देग आठवतोच. १९५१ मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण, ऑगस्ट १९५३ मध्ये सीआयए आणि ब्रिटिशांनी मिळून सत्तेवरून खाली खेचला. पण मोसद्देग संसदेतून आलेला पंतप्रधान होता, त्याच्यामागे रस्त्यावरची माणसं होती. चित्रपटात संसद आणि बायकांना मताचा हक्क कोण देणार? तर राजाचाच पोरगा! रयत नुसती नोकरी गमावते, नाहीतर वासिमसारखा आत्मघाती हल्ला करते. अमेरिकेवर टीका करणाऱ्या चित्रपटालाही तिथली माणसं स्वतः काही मागतील असं सुचलं नाही.

केळीचा घड
हे मात्र लागलं. तरी मदरशात पोटभर जेवण मिळतं म्हणून वासिम तिकडे ओढला जातो, ते दाखवलंय की. फुकट नाही बिघडत पोरगं.

भुसावळ जंक्शन
दाखवलंय, मान्य. त्याच्या तोंडी चार वाक्यं जास्त असती तर वकिलाची अर्धी कहाणी कापली तरी चाललं असतं.

तापीकाठ
अर्धी कशाला, सगळीच कापा. मला ती अजूनही कळलेली नाही.