फायरमन भरतीची लेखी परीक्षा: आगीचे वर्ग आणि होजची गणिते यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. माझा धाकटा भाऊ फायरमन भरतीच्या लेखी परीक्षेची तयारी करीत आहे. त्याचे शिक्षण गुजराती माध्यमातून झाल्यामुळे व्याकरण आणि सामान्य ज्ञान यांची त्याला धास्ती नाही. घोडे अडले आहे ते तांत्रिक भागात.

एका गाइडमध्ये विजेच्या उपकरणांची आग 'सी' वर्गात दिली आहे, तर दुसऱ्यात 'सी' म्हणजे वायूंची आग असून विजेला वेगळा वर्गच नाही. कढईतल्या तेलाच्या आगीला एक गाइड 'के' म्हणते आणि दुसरे 'एफ'. सराव प्रश्नपत्रिकेत 'पेट्रोल कोणत्या वर्गात मोडते?' या प्रश्नाला त्याने 'बी'वर खूण केली आणि उत्तरसूचीत 'ए' निघाले, तेव्हापासून घरात याच विषयाचा खल चालू आहे.

दुसरी शंका गणिताची. मी स्वतः शिकवण्या घेते, त्यामुळे आकडेमोडीचे भय नाही. परंतु होजचा व्यास निम्मा केल्यास घर्षणामुळे होणारी दाबाची घट किती पट वाढेल, याचे उत्तर एका ठिकाणी दुप्पट आणि दुसऱ्या ठिकाणी बत्तीस पट छापले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. क्लास लावण्याचा सल्ला मात्र नको. ही दोन्ही गाइडे क्लासनेच दिलेली आहेत.

उत्तर:
ताई, 'के' आणि विजेचा 'सी' ही अमेरिकेतली यादी आहे; तिच्यात वायूसुद्धा 'बी'मध्येच येतात. आपल्याकडे भारतीय मानकांप्रमाणे 'ए' घन पदार्थ, 'बी' द्रव, 'सी' वायू, 'डी' धातू आणि 'एफ' स्वयंपाकाचे तेल, एवढेच धरावे. वीज आग लावते, स्वतः जळत नाही. म्हणून पुरवठा तोडल्यावर जे जळत असेल त्याचा वर्ग लागतो, आणि तोडण्यापूर्वी पाणी किंवा फोम न वापरता कार्बन डायऑक्साइड किंवा कोरडी पावडर वापरायची असते.

पेट्रोलचे 'ए' हे पेट्रोलियमच्या नियमांतले आहे. तेथे वर्ग फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्यावरून, ठरतात: २३ अंश सेल्सिअसच्या खाली 'ए', २३ ते ६५ 'बी', ६५ ते ९३ 'सी'. म्हणून पेट्रोल 'ए' आणि केरोसीन 'बी'. प्रश्नात फ्लॅश पॉइंट, साठवण किंवा परवाना यांचा उल्लेख असेल तर हे वर्ग. आग कशी विझवावी असे विचारले असेल तर आगीचे. कोयलीची रिफायनरी शेजारी असताना बडोद्यात पेपर काढणाऱ्याला या प्रश्नाचा मोह होणारच.

होजच्या बाबतीत दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पाण्याचा वेग तोच ठेवला तर घट दुप्पट होते. पण मिनिटाला जाणारे पाणी तेवढेच ठेवायचे असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ चौथाई झाल्यामुळे वेग चौपट होतो, वेगाच्या वर्गामुळे घट १६ पट होते आणि व्यासामुळे त्याची पुन्हा दुप्पट.

फायरमनच्या पातळीवर याहून उंचीचा हिशेब अधिक घोटून घ्यावा. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब खर्च होतो. ३० मीटरवर नोझलला ३.५ बार हवे असतील, तर पंपावर ६.५ बार आणि वर घर्षणाचे वेगळे. तसेच ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, १.५ मीटर खोल टाकीत ९,००० लिटर पाणी मावते आणि मिनिटाला ४५० लिटर या दराने ते २० मिनिटे पुरते, असली गणिते कागदाशिवाय जमली पाहिजेत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद:
मनःपूर्वक आभार. प्रश्नात वेग किंवा प्रवाह यांपैकी काहीच दिले नसेल तर काय करावे?

उत्तर:
पर्याय पाहावेत. ३२ असेल आणि २ नसेल तर प्रवाह स्थिर धरलेला आहे. उलट असेल तर वेग. दोन्ही असले आणि चुकीला गुण कापले जाणार असतील, तर तो प्रश्न सोडून पुढे जावे.