मदत हवी आहे: आयव्हीआरचे प्रॉम्प्ट फोनवर फाटतात

पाऊलवाट: ऑफिसच्या फोनवरच्या आयव्हीआरसाठी ('एक दाबा, दोन दाबा' सांगणारी यंत्रणा) स्टुडिओतून ६ प्रॉम्प्ट, म्हणजे ऐकवायची वाक्यं, रेकॉर्ड करून घेतले. कॉम्प्युटरवर खणखणीत वाजतात. फोनवर मात्र 'स', 'श' आला की शिट्टी, मागचं संगीत गुरगुरतं आणि 'नमस्कार'मधला 'न' ऐकूच येत नाही. सोमवारी नंबर सुरू करायचाय. स्टुडिओवाले म्हणतात फाइल बरोबर आहे. काय करू?

तारयंत्र: पीबीएक्स (ऑफिसचं फोन एक्स्चेंज) कोणता? बाहेरची लाइन पीआरआय (डिजिटल टेलिफोन लाइन) की एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून येणारी)? फाइल कोणत्या फॉरमॅटची? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

झटपट_७: स्टुडिओचा खर्च करायचाच कशाला? टेक्स्ट-टू-स्पीच वापरा. उद्या विभाग बदलला तर दोन मिनिटांत त्याच आवाजात नवं वाक्य तयार.

स्वरपेटी: झटपट, यांचा आवाज बिघडलाय तो वाटेत. तुमचा यंत्राचा आवाजही त्याच वाटेने गेला तर तसाच फाटेल. शिवाय गावांची आणि आडनावांची मराठी नावं यंत्राकडून नीट उच्चारून घेण्यात दोन मिनिटं नाही, दुपार जाते.

पाऊलवाट: फ्रीपीबीएक्स, एसआयपी ट्रंक. स्टुडिओने ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह दिली होती. ऑनलाइन कन्व्हर्टरने ८ किलोहर्ट्झ करून चढवली. लगेच हवं होतं.

स्वरपेटी: मग शिट्टी तिथेच आली. सेकंदाला ८००० सॅम्पलमध्ये (आवाजाच्या मोजमापांमध्ये) फक्त ४००० हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. 'स-श'चा बराच जोर त्याच्या वर असतो. आधी तो गाळला नाही तर उलटा दुमडून खाली येतो, म्हणजे ५००० चा ३००० वर, ६००० चा २००० वर. ती शिट्टी बोलण्याच्या पट्ट्यातच मिसळली की कोणताही फिल्टर ती काढू शकत नाही. त्यामुळे ही फाइल टाकून द्या आणि मूळ फाइलपासून सुरू करा. सॉक्समध्ये (आवाजाच्या फाइली बदलायचं सॉफ्टवेअर) क्रम असा: एकच चॅनेल घ्या, २०० हर्ट्झखालचं कापा, रेट ८००० करा (गाळणी तो स्वतः लावतो), मग शिखर उणे ३ डेसिबलवर आणा. शेवटी १६ बिट, मोनो, पीसीएम वेव्ह.

तारयंत्र: आणि संगीताचं कोडेकमुळे (आवाज आकड्यांत बदलून पाठवण्याच्या पद्धतीमुळे) होतंय का ते बघा. कॉल चालू असताना पीबीएक्सच्या सीएलआयवर (कमांड टाइप करायची खिडकी) 'पीजेएसआयपी शो चॅनेलस्टॅट्स' द्या, कोडेकचा रकाना दिसेल. जी.७२९ असेल तर तो ८ केबीपीएसमध्ये (सेकंदाला ८ किलोबिट) माणसाचं बोलणं बसवायला बनवलाय, तबला-सतार त्याला झेपत नाही. ट्रंकवर ए-लॉ हा दुसरा कोडेक पहिल्या क्रमांकावर ठेवा. तो ६४ केबीपीएस घेतो, तेव्हा एका वेळी किती कॉल येतात तो हिशेब करा.

सह्यकडा: संगीत कुठलं वापरलंय? चित्रपटगीताची धून असेल तर परवाना लागतो, होल्डवर वाजवायलाही.

पाऊलवाट: संगीत स्टुडिओचंच आहे. प्रश्न तो नाहीये.

स्वरपेटी: स्टुडिओकडून संगीताशिवायचा नुसता आवाज मागा. मेनूच्या मागे संगीत नकोच. ऐकणाऱ्याला आकडा पकडायचा असतो.

बाराखडी: नुसता आवाज मागताच आहात तर वाक्यरचनाही तपासा. 'विक्रीसाठी एक दाबा' हवं, 'एक दाबा विक्रीसाठी' नको. आधी काम कळलं की माणूस आकड्याकडे लक्ष देतो. आणि पुढे रांगेतला क्रमांक सांगायचा असेल तर ० ते ९९ सगळे आकडे वेगळे रेकॉर्ड करा. इंग्रजीसारखं 'वीस' आणि 'तीन' जोडून 'तेवीस' होत नाही.

झटपट_७: म्हणूनच म्हणतो, १०० फाइली यंत्राकडून करून घ्या.

बाराखडी: करा, पण सहा वाक्यं बाईंच्या आवाजात आणि आकडे यंत्राच्या, असं नको. एका बैठकीत, एकाच माइकवर आकडे वाचायला अर्धा तासही लागत नाही.

पाऊलवाट: कोडेक जी.७२९ च निघाला. ए-लॉ वर आणला, मूळ फाइलमधून पुन्हा केलं. शिट्टी गेली, गुरगुर गेली. 'न' अजून कापला जातोय.

तारयंत्र: कॉल उचलला गेला तरी आवाजाची वाट उघडायला क्षणभर लागतो, तेवढ्यात 'न' जातो. फक्त पहिल्या प्रॉम्प्टच्या सुरुवातीला ०.७ सेकंद शांतता जोडा, सॉक्समधला 'पॅड' वापरून. बाकी पाचांना जोडू नका, मेनू रेंगाळतो. मग लँडलाइनवरून आणि दोन वेगळ्या मोबाइल कंपन्यांवरून करून बघा.

पाऊलवाट: एक सेकंद ठेवावा लागला. 'नमस्कार' पूर्ण येतंय, तिन्हीकडे.