ग्रॅव्हिटी (२०१३) : सायन्स चुकलं म्हणून पिक्चर फसला असं म्हणायचं का?

सायली_क

काल रात्री घरी ग्रॅव्हिटी बघितला, हबल दुर्बीण दुरुस्त करताना सॅटेलाइटच्या तुकड्यांनी शटल यान फुटतं आणि अंतराळात अडकलेली सँड्रा बुलक परत यायची धडपड करते तो. आला तेव्हा माझं बारावीचं वर्ष होतं म्हणून राहिला तो राहिलाच, शेवटी काल आई, दादा आणि मी तिघं बसलो. दीड तासाचा पिक्चर आणि मध्ये कुणी पाणी प्यायलाही उठलं नाही. शेवटी ती तळ्यातून कशीबशी काठावर येते आणि ओली माती मुठीत धरते ना, तिथे आई रडायलाच लागली.

आणि दिवे लावल्या लावल्या दादाने सुरू केलं. तो मेकॅनिकल इंजिनीअर आहे. त्याचं म्हणणं, तिचा सहकारी कोवाल्स्की म्हणजे जॉर्ज क्लूनी दोर सोडून देतो तो सीनच चूक आहे, तिथे वजनच नाही तर त्याला ओढतंय कोण, सँड्रा बुलकने नुसता हलका हिसका दिला असता तरी तो तिच्याकडे आला असता, म्हणजे तो उगाच मेला, आणि ज्या पिक्चरचा मुख्य प्रसंगच चुकीचा तो चांगला कसा म्हणायचा. आईला राग आला, ती झोपायलाच गेली. मला उत्तर देता आलं नाही पण पटलंही नाही. मला रात्री झोप लागली नाही ती त्याच सीनमुळे.

तर ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा, तो सीन खरंच चूक आहे का? आणि असेल तर तुमच्यासाठी पिक्चर तिथे संपतो का? (खाली सगळी स्टोरी फुटणार आहे, न बघितलेल्यांनी आधी बघून या.)

मंदार७७

सायली, तुमच्या दादाचा मुद्दा बिनबुडाचा नाही, पण दोरापेक्षा मोठी चूक दुसरीकडेच आहे. पिक्चरमध्ये ते हबलवरून स्पेस स्टेशनला जातात, पण पिक्चर आला तेव्हा हबल दुर्बीण साधारण साडेपाचशे किलोमीटरवर होती आणि स्पेस स्टेशन चारशेच्या आसपास. हा उंचीचा फरक एक वेळ सोडून देऊ. खरा घोळ कक्षेच्या तिरकेपणाचा आहे, हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंश आणि स्टेशनची ५१.६ अंश. म्हणजे एक गाडी एक्सप्रेस वे वर सुसाट चाललीय आणि दुसरी त्यावरून आडव्या जाणाऱ्या पुलावर, दोघींचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर, आता या गाडीतून उडी मारून त्या गाडीत बसून दाखवा. दिशा तेवढी वळवायला सेकंदाला तीन किलोमीटरच्या आसपास वेग बदलावा लागेल आणि पाठीवर बांधायचं जे उडतं यंत्र नासाने १९८४ मध्ये खरोखर वापरलं होतं ते सगळा गॅस संपवून सेकंदाला पंचवीसेक मीटर द्यायचं. आणि तिथून पुढे चिनी स्टेशन, ते अजून तिसऱ्याच तिरकेपणात.

अजून एक, कचऱ्याने कम्युनिकेशन सॅटेलाइट उडाले म्हणून ह्यूस्टनच्या कंट्रोल रूमशी संपर्क तुटतो असं दाखवलंय. ते सॅटेलाइट ३६ हजार किलोमीटरवर असतात, खालचा कचरा तिथवर पोचत नाही.

हे सगळं माहीत असून मी चार वेळा बघितलाय. पिक्चरने पहिल्यांदाच एक गोष्ट मानून घ्यायला सांगितली की हबल आणि दोन्ही स्टेशनं एकाच गल्लीत आहेत. ते एवढं मी दिलं. त्या बदल्यात पुढचा दीड तास जे दाखवलं त्यात काय कमी खरेपणा आहे? पकड सुटली की थांबायला काही नाही, एकदा गिरकी लागली की लागलीच, अग्निशामकाचा फवारा मारला की तुम्ही मागे फेकले जाता. न्यूटनचे नियम शाळेत पाठ केले होते, ते पोटात जाणवले ते त्या पहिल्या गिरकीत.

रानवारा

दोराबद्दल मी सांगतो, मी काही इंजिनीअर नाही पण गुरं राखलीत. वासरू उधळलं आणि दावं तुमच्या हातातून सरकायला लागलं की जोवर ते सरकतंय तोवर वासरू थांबलेलं नसतं. दावं ताणलेलं दिसतं म्हणून थांबलं असं नाही. आता सीन परत बघा. तिचा पाय सोयुझ या रशियन यानाच्या पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकलाय, आणि त्या दोऱ्या बुटावरून एकेक करून सुटत चालल्यात. म्हणजे ते दोघं अजून पुढे चाललेतच, वेग कमी होतोय पण संपला नाही. दोघांचं वजन, म्हणजे वस्तुमान म्हणा, त्या दोऱ्यांना झेपत नाहीये. एकाने सोडलं तर दुसरीचं झेपेल. हिशोब एवढाच आहे. आता तो सीन जरा लांबवलाय, मध्ये दोघं स्थिर झाल्यासारखे दिसतात आणि बोलत बसतात, तिथे तुमच्या दादाला शंका आली तर चूक नाही त्यांची. पण विहिरीत लटकलेला माणूस दाखवलाय असं जे सगळे म्हणतात ते मला मान्य नाही.

बाकी मी हा कोल्हापूरला थेटरात बघितला होता थ्रीडी मध्ये. कचरा येऊन आदळतो, एवढं मोठं शटल फाटतं आणि आवाज शून्य. तिचा श्वास, रेडिओ आणि म्युझिक, बस. हातात ड्रिल धरलं तर ड्रिलची घरघर ऐकू येते ती पण दबकी, हातमोज्यातून आल्यासारखी, कारण हवा नाही तर आवाज अंगातूनच येणार. आमच्या मागे एक पोरांचा ग्रुप सुरुवातीपासून दंगा करत होता तो दहाव्या मिनिटाला गप्प झाला तो शेवटपर्यंत. घरच्या टीव्हीवर ही मजा निम्मी पण येत नाही, निदान दिवे बंद करून हेडफोन लावून बघा.

निखिल_चित्र

रानवारा +१. आवाजाची दोन्ही ऑस्कर त्यालाच मिळाली, एकूण सात. त्यात दिग्दर्शनाचं अल्फॉन्सो क्वारोनला आणि छायाचित्रणाचं इमॅन्युएल लुबेझ्कीला. पहिला शॉट जवळजवळ बारा-तेरा मिनिटं न तुटता चालतो, अर्थात तो कॉम्प्युटरवर जोडलेला आहे, पण कट दिसत नाही आणि त्यामुळे आपल्याला सुटकाच नाही, डोळे दुसरीकडे न्यायची सोयच ठेवलेली नाही. शूटिंगला एलईडी दिव्यांच्या भिंतींची एक पेटी केली होती, अभिनेत्री आत आणि पृथ्वीचा, सूर्याचा उजेड भिंतींवरून तिच्या चेहऱ्यावर फिरतोय. चेहरा खरा, बाकी जवळजवळ सगळं काढलेलं. हे कळल्यावर सँड्रा बुलकबद्दलचा आदर दुप्पट झाला, एकटी पेटीत बसून एवढं करणं.

पण मला एक गोष्ट खटकली ती सायन्सची नाही. ती चार वर्षांची मुलगी शाळेत खेळताना पडून गेली ती स्टोरी. सर्व्हायव्हल पिक्चरमध्ये जगायची इच्छा हे कारण पुरेसं असतं, त्याला वर दुःखाचा भूतकाळ कशाला? मला ते प्रेक्षकाने रडावं म्हणून चिकटवल्यासारखं वाटलं. त्याशिवाय पिक्चर जास्त कडक झाला असता असं माझं मत आहे.

प्राजक्त_ठाणे

निखिल, तुमचं लिखाण मी नेहमी वाचते पण इथे अजिबात सहमत नाही.

माझा धाकटा भाऊ २०१६ मध्ये गेला. अपघात, काही कल्पना नसताना. त्यानंतर वर्षभर मी ऑफिस सुटलं की लोकलमध्ये बसायचे आणि ठाण्याला उतरायचेच नाही. कल्याणपर्यंत जायचे, कधी त्याच्याही पुढे, मग परत यायचे. घरी सांगायचे उशीर झाला. खिडकीतून बाहेर बघत बसायचं, काही विचार नाही, रडू नाही, नुसतं चालत्या गाडीत बसायचं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटत नव्हतं.

मग हा पिक्चर टीव्हीवर लागला होता तो बघितला. ती सांगते की फोन आला तेव्हा ती गाडी चालवत होती, तेव्हापासून तेच करते, उठते, कामाला जाते आणि गाडी चालवत राहते. मी टीव्ही बंद केला आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून बघितला. ज्याने लिहिलं त्याला हे माहीत आहे. आणि म्हणूनच सोयुझमध्ये ती स्वतः ऑक्सिजन कमी करते ना, तो प्रसंग मुलगी नसती तर उभाच राहिला नसता. इंधन संपलं म्हणून ती हरत नाही हो, ती वर जायच्या आधीच कुठेतरी थांबलेली होती. जगायची इच्छा हे कारण पुरेसं असतं असं तुम्ही म्हणता, पण ती इच्छा गृहीत धरता येत नाही, काही लोकांकडे ती नसते काही काळ.

सायली, तुमच्या आई का रडल्या ते मला कळलं.

निखिल_चित्र

प्राजक्त, वाचून थांबलो बराच वेळ. माझं चिकटवलेलं हे म्हणणं मागे घेतो. सोयुझचा सीन मी फक्त ट्विस्ट म्हणून बघितला होता, कोवाल्स्की दार उघडून आत येतो तो भास एवढंच डोक्यात राहिलं, त्याच्या आधी ती काय करते त्याकडे लक्षच नव्हतं.

आकाशवेडा

सायन्सवर बोलतोय सगळे तर जे बरोबर आहे ते पण सांगायला हवं. मूळ कल्पना, की एक सॅटेलाइट फुटला, त्याचे तुकडे दुसऱ्यावर, त्याचे तिसऱ्यावर, ही डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्ये मांडली होती, त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पिक्चरमध्ये ती काही मिनिटांत घडते, खऱ्यात वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट आहे, पण खोटी नाही. २००७ मध्ये चीनने स्वतःचा एक हवामान सॅटेलाइट मिसाइलने उडवला, त्याचे तुकडे अजून फिरतायत. २००९ मध्ये बंद पडलेला रशियन सॅटेलाइट आणि चालू असलेला इरिडियम कंपनीचा सॅटेलाइट सरळ एकमेकांवर आदळले. मार्च २०१९ मध्ये आपणही मिशन शक्तीमध्ये स्वतःचाच सॅटेलाइट मिसाइलने फोडला, ते तीनशे किलोमीटरच्या खाली केलं म्हणजे तुकडे लवकर जळून जावेत, तरी काही वर उडालेच.

आणि १५ नोव्हेंबर २०२१ ला रशियाने आपलाच जुना सॅटेलाइट मिसाइलने फोडला, पिक्चरची सुरुवात होते अगदी तेच. दीड हजारावर मोठे तुकडे झाले आणि स्टेशनवरच्या सातही जणांना आपापल्या यानात जाऊन दारं लावून बसावं लागलं, का तर तो ढग दर दीड तासाने स्टेशनच्या वाटेत येत होता. मी ती बातमी वाचली तेव्हा मला कोवाल्स्कीचं घड्याळ आठवलं, नव्वद मिनिटांचा टायमर लाव म्हणतो ते. पिक्चर पण बरोबर तेवढाच लांब आहे, पृथ्वीला एक फेरी.

एक चूक मात्र मला आवडते, ती रडते तेव्हा अश्रू थेंब होऊन तरंगत कॅमेऱ्याकडे येतात. खऱ्यात ते डोळ्यालाच चिकटून गोळा होतात, कॅनडाचे अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड यांनी स्टेशनवरून व्हिडिओत डोळ्यावर पाणी सोडून दाखवलं होतं. पण तो थेंब खोटा असला तरी नको होता असं मला कधीच वाटलं नाही.

सायली_क

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाला रानवारा यांचा वासराचा प्रतिसाद वाचायला दिला, तो परत तो सीन लावून बसला, दोऱ्या सुटतायत हे त्याने मान्य केलं पण सीन लांबवलाय यावर अजून अडून बसलाय. मंदार यांचं कक्षेचं वाचून मात्र त्याला नवीनच दारूगोळा मिळाला. 🙂

प्राजक्तताई, तुमचं मी आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, परत दाखव म्हणाली फोन, आणि स्वतः वाचलं.

त्यांचा तिसरा सहकारी शरीफ, त्याच्याबद्दल कुणीच नाही बोललं. सुरुवातीला तो दोराला बांधून मजेत उड्या मारतोय आणि मेरा जूता है जापानी गातोय, आम्ही तिघं एकदम हसलो होतो, १९५५ चं गाणं थेट हबलवर! आणि दहा मिनिटांत तो गेला, आणि त्याच्या घरच्यांचा फोटो तरंगत राहतो. मला त्याचं वाईट वाटणं संपलेलंच नाही.

आईचा एक प्रश्न आहे. सोयुझमध्ये रेडिओवर तो कोण माणूस लागतो, ज्याची भाषा नायिकेला कळत नाही, कुत्रे भुंकतात, बाळ रडतं. आई म्हणते त्याला कळलं असेल का कुणाशी बोलला ते?

निखिल_चित्र

त्याचं नाव अनिंगाक, ग्रीनलंडचा आहे. दिग्दर्शकाचा मुलगा योनास, ज्याने वडिलांबरोबर पटकथा लिहिली, त्याने त्याच्या बाजूने एक वेगळी शॉर्टफिल्म केलीय, सातेक मिनिटांची. तेच रेडिओवरचं बोलणं, पण आपण बर्फावर त्याच्या शेजारी आहोत, बायको, बाळ, कुत्रे. तो तिला आपल्या लाडक्या म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल सांगत असतो. तिचा फक्त आवाज येतो. त्याला कळत नाही. आईंना नक्की दाखवा.

सायली_क

उद्या दाखवते. दादाला पण बसवते शेजारी.