त्वेरला निघालेल्या लेकीसाठी: आमच्या सोसायटी ग्रुपवरची रात्रीची चर्चा

बी-२०३: नमस्कार मंडळी. एक बातमी आणि एक विनंती. आमच्या धाकटीला रशियात मेडिकलला प्रवेश मिळाला. गावाचं नाव त्वेर. सप्टेंबरमध्ये निघायचं आहे. एजंटने पाठवलेल्या माहितीपत्रकात बर्फातले हसरे फोटो आहेत, बाकी काही नाही. प्रदेश कसा, थंडी किती, कारभार कोणाच्या हातात, हे काहीच कळत नाही. कोणाला ठाऊक असेल तर सांगा. दोन रात्री नीट झोप नाही.

ए-३०१: अगं अभिनंदन! पोरीने नाव काढलं.

सी-१०१: अभिनंदन वहिनी. नकाशा काढून बसलोय, बत्तीस वर्षं भूगोल शिकवल्याची सवय. त्वेर हे शहरही आहे आणि प्रांतही. मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला जाताना सुमारे १७० किलोमीटरवर हे शहर लागतं, वोल्गा नदीच्या काठी. प्रांताला तिकडे ओब्लास्त म्हणतात. क्षेत्रफळ ८४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून थोडं जास्त. माणसं मात्र फक्त १२ लाखांच्या आसपास, आणि त्यातली चार लाखांवर एकट्या त्वेर शहरात. उरलेला सगळा मुलूख जंगल, तळी आणि दलदल.

बी-२०३: म्हणजे निर्जन?

सी-१०१: शहर नाही, पण शहराबाहेर पडलं की हो. चौरस किलोमीटरला १५ माणसंसुद्धा भरत नाहीत.

ए-७०४: काकू, आत्ता ड्यूटीवरून आले आणि मेसेज पाहिला. मी त्वेरलाच शिकले. सहा वर्षं. तुम्ही झोपा, मी आज सगळं लिहून ठेवते, सकाळी वाचा.

बी-२०३: तू त्वेरला होतीस? मला वाटलं मॉस्को! बेटा, मी जागीच आहे. लिही.

ए-७०४: सगळ्यांना मॉस्कोच सांगावं लागतं काकू, त्वेर म्हटलं की कोणाला कळत नाही.

आधी थंडीचं सांगते, कारण सगळे तिलाच घाबरतात. जानेवारीची सरासरी उणे ८ च्या आसपास. काही रात्री उणे २५ पण जातं, पण अशा रात्री मोजक्या. त्या थंडीत हवा कोरडी असते, आकाश निळं असतं, आणि इमारतींच्या आत तर घाम येईल इतकं गरम. जानेवारीने मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला ऑक्टोबरने.

तिकडे घराघरात हीटर नसतात. अख्ख्या शहराला गरम पाणी केंद्रातून येतं, पाइपांमधून खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरपर्यंत, त्याला तिकडे बातारेया म्हणतात. ते पाणी कधी सोडायचं याचा नियम आहे: दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांच्या खाली राहिलं की. नियम देशाचा, आदेश पालिकेचा. चार दिवस ७ अंश आणि पाचव्या दिवशी ९ झालं की पुन्हा वाट बघा. माझ्या पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या खोलीत १३ अंश होते. आम्ही तिघी मुली स्वेटर, त्यावर जॅकेट, त्यावर रजई घेऊन शरीररचनेची पुस्तकं वाचत होतो. हाताची बोटं इतकी गार की पान उलटताना चिकटायचं. आई फोनवर म्हणाली, परत ये.

मग एका संध्याकाळी बातारेया खळखळला. आधी हवा निघाल्यासारखा आवाज, मग टकटक. मी हात लावला तर कोमट. आम्ही तिघींनी पाठ टेकवली आणि तशाच बसून राहिलो, जेवायलाही उठलो नाही.

म्हणून सांगते, जाड कोट इथून नेऊ नका, तिथे चांगला मिळतो. इथून न्या ते गरम पाण्याची रबरी पिशवी, लोकरीचे मोजे आणि दोन आत घालायचे थर्मल. ऑक्टोबरसाठी.

बी-२०३: लिहून घेतलं. पिशवी, मोजे, थर्मल.

बी-६०२: हा पाच दिवसांचा नियम पहिल्यांदा ऐकला. म्हणजे हवामान बघून सरकारी आदेश निघतो.

ए-७०४: हो दादा. आणि मे महिन्यात उलट. पाच दिवस ८ च्या वर गेलं की बंद. तेव्हाही एक गार आठवडा हमखास निघतो.

सी-१०१: पाऊस किती? मी शोधलं तर वर्षाला साधारण ६५० मिलिमीटर दिसतो. पुण्याचा त्याहून थोडाच जास्त. मग तिकडे दलदल आणि इकडे मार्चपासून टँकर, असं का? मुलांना हे समजावायला मला फार आवडायचं. आपला पाऊस चार महिन्यांत येतो आणि उन्हाने उडून जातो. तिकडे तो बारा महिने थोडा थोडा पडतो, त्यातला बराचसा बर्फ होऊन थांबतो, ऊन कमी म्हणून वाफ कमी, आणि जमीन सपाट म्हणून वाहून जायलाही उतार नाही. पाणी जिथल्या तिथे मुरतं. त्यातून दलदल, आणि हजारो वर्षांत तिचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर.

त्यात हिमयुगाची कामगिरी. शेवटच्या हिमयुगाला रशियन भूशास्त्रात वाल्दाई हेच नाव आहे, इथल्याच टेकड्यांवरून. बर्फाची चादर मागे हटली तेव्हा दगडमातीचे ढीग आणि खड्डे ठेवून गेली. खड्ड्यांची तळी झाली. प्रांतात १,७०० च्या वर तळी आहेत, सेलिगेर त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. आणि टेकड्या म्हणजे केवढ्या? सर्वांत उंच जागा ३४७ मीटर. आपल्या सिंहगडाच्या निम्म्यानेही कमी पडेल.

पण त्या बुटक्या टेकड्यांतून वोल्गा निघते. युरोपातली सर्वांत लांब नदी, ३,५३० किलोमीटर. उगम समुद्रसपाटीपासून फक्त २२८ मीटरवर आणि शेवट कॅस्पियनला, जो स्वतः समुद्रसपाटीच्या २८ मीटर खाली. साडेतीन हजार किलोमीटरमध्ये अडीचशे मीटरचा उतार! त्याच भागात पश्चिम द्विना उगम पावते आणि बाल्टिकला जाते. द्नीपर थोडी दक्षिणेला, शेजारच्या स्मोलेन्स्कमध्ये, ती काळ्या समुद्राला. तीन नद्या, तीन दिशा.

ए-७०४: सर, मी उगमाला जाऊन आले. वोल्गोवेर्खोव्ये नावाचं खेडं. एक लाकडी छोटी देवळी आहे पाण्यावर, फळ्यांच्या पुलावरून जायचं, आत जमिनीत एक गोल भोक, त्यात काळसर पाणी. पीटमुळे रंग चहासारखा. बाहेर आलं की ओहळ एका ढांगेत ओलांडता येतो. आणि तीच नदी आमच्या कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर एवढी रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही.

सी-४०५: वहिनी, माफ करा, पण कोणीतरी बोलायलाच हवं. तिकडे युद्ध सुरू आहे. एवढं वाचून मुलीला पाठवणार का?

बी-२०३: हाच प्रश्न आमच्या घरात रोज आहे भाऊ.

ए-७०४: काका बरोबर बोलताहेत, लपवण्यात अर्थ नाही. त्वेर प्रांताला युक्रेनची सीमा लागत नाही. पण सप्टेंबर २०२४ मध्ये प्रांताच्या पश्चिम टोकाला तोरोपेत्सच्या दारूगोळ्याच्या कोठारावर ड्रोन हल्ला झाला, प्रचंड स्फोट झाले, गावातली माणसं हलवावी लागली. ते त्वेर शहरापासून अडीचशे किलोमीटरवर. माझ्या ज्युनिअर मुली सांगतात की ड्रोनच्या भीतीने मोबाइल इंटरनेट मधूनच बंद करतात. म्हणून फोन लागला नाही की लगेच जीव टांगणीला लावू नका, हॉस्टेलच्या वायफायवरून बोलायची वेळ ठरवून घ्या.

आणि काका, एक गोष्ट मुलांच्या आईवडिलांनी तर पाठच करावी. रशियन सैन्यात मदतनीस म्हणून काम, मोठा पगार, अशा ऑफर येतात. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने पुन्हा पुन्हा बजावलंय की त्यापासून लांब राहा. शिकायला गेलेली मुलंही त्यात अडकली आहेत. कोणी कितीही ओळखीचं असो, न वाचता कुठल्याही रशियन कागदावर सही नाही.

सी-४०५: हे सांगितलंस ते फार बरं केलंस.

बी-६०२: कारभाराचं कोणी सांगा. पेपरात त्वेरचे राज्यपाल असं वाचलं. म्हणजे केंद्राचा माणूस का?

सी-१०१: तो भाषांतराचा घोळ आहे. तिकडचा गुबेर्नातर आपल्या राज्यपालासारखा नाही. तो प्रांताचं सरकार चालवतो, म्हणजे काम आपल्या मुख्यमंत्र्याचं. पाच वर्षांसाठी लोक थेट निवडतात. मात्र २००४ ला थेट निवडणूक बंद करून नेमणूक सुरू झाली होती, २०१२ ला निवडणूक परत आली. त्वेरच्या इतिहासात हे सरळ दिसतं: २००३ ला निवडून आलेला, मग नेमलेले, आणि २०१६ ला इगोर रुदेन्या निवडून आले, २०२१ ला पुन्हा. पण राष्ट्राध्यक्षांचा विश्वास उडाला असं कारण देऊन गव्हर्नरला काढता येतं, म्हणजे दोरी मॉस्कोच्याच हातात.

प्रांताची विधानसभा आहे, स्वतःचा उस्ताव आहे, म्हणजे छोटी घटना म्हणा. मॉस्कोच्या वरच्या सभागृहात प्रत्येक प्रांताचे दोघे असतात, एक विधानसभेकडून, एक सरकारकडून. मोठा प्रांत असो की लहान, दोनच.

ए-७०४: काकूंना उपयोगाचं तेवढं सांगते. पोलीस, व्हिसा, परदेशी लोकांची नोंदणी हे सगळं केंद्राचं. पोचल्यावर सात कामाच्या दिवसांत नोंदणी व्हायलाच हवी, ती कॉलेज करून देतं, पण पासपोर्ट आपण वेळेवर नेऊन द्यायचा. सुट्टीत बाहेरगावी जाऊन आलं की पुन्हा विचारायचं. माझ्या एका मैत्रिणीने चार दिवस उशीर केला आणि दंड भरून रडत आली. बस हे प्रांताचं काम. मी गेले तेव्हा त्वेरमध्ये ट्राम होत्या, २०१८ ला बंद झाल्या, मग ट्रॉलीबसही गेल्या, आणि प्रांताने निळ्या बसगाड्या आणल्या. बस वेळेवर येते, पण जुने लोक ट्रामची आठवण काढतात. आमची हॉस्टेलची आजी रोज काढायची. आणि पाइप, बर्फ काढणं, छपरावरचे बर्फाचे सुळे पाडणं हे पालिकेचं. मार्चमध्ये भिंतीला चिकटून चालायचं नाही. वरून सुळा पडतो तो भाल्यासारखा. लाल-पांढरी फीत बांधलेली दिसली की रस्ता बदलायचा. मुलीला हे सांगून ठेवा.

बी-२०३: नोंदणी सात दिवस. भिंतीला चिकटून चालायचं नाही. लिहिलं.

बी-६०२: वाचता वाचता एक फोटो सापडला, पाण्याच्या मधोमध घंटाघर. काल्याझिन, त्वेर प्रांत. मला धस्स झालं. माझ्या वडिलांचं गाव उजनीत गेलं.

सी-१०१: १९३९-४० च्या सुमाराचं. उग्लिचचं धरण बांधलं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं, उरला तो घंटाघराचा मनोरा. त्याआधी १९३७ ला इवान्कोवोचा जलाशय भरला, त्याला मॉस्को समुद्र म्हणतात. तिथून १२८ किलोमीटरच्या कालव्याने वोल्गेचं पाणी मॉस्कोला जातं. त्यासाठी कोर्चेवा नावाचं शहर पुसलं गेलं. पाणी मॉस्कोला, गाव त्वेरचं गेलं.

बी-६०२: उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं. वडील दरवर्षी जाऊन पायरीला हात लावून यायचे. घाट कुठे होता, पार कुठे होता, सगळं पाण्याकडे बोट दाखवून सांगायचे. त्या काल्याझिनमध्येही असा कोणीतरी म्हातारा असेलच.

ए-३०१: दादा, डोळ्यांत पाणी आलं.

मला एक सांगायचं आहे. माझं माहेर रेवदंडा. आमच्याकडे एका रशियन प्रवाशाचं स्मारक आहे, लहानपणापासून ऐकतोय, अफनासी निकितिन. तो याच त्वेरचा ना?

ए-७०४: वहिनी!! हो, त्वेरचाच. नदीकाठी त्याचा मोठा पुतळा आहे, १९५५ चा, खाली नावेच्या नाळेसारखा चौथरा. आमची भेटायची जागाच ती. मी पहिल्यांदा पाटी वाचली आणि कोणीतरी सांगितलं की हा तुमच्या चौलला उतरला होता, तेव्हा मी तिथेच बसून आईला फोन केला.

सी-१०१: वास्को द गामाच्या आधी पाव शतक. वोल्गेने खाली निघाला, अस्त्राखानजवळ लुटला गेला, घरी जाऊन कर्ज कसं फेडणार म्हणून पुढेच गेला. घोडा घेऊन चौलला उतरला, तिथून जुन्नर. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला, तो नंतर परत मिळाला. पावसाळाभर तो जुन्नरला अडकला. त्याने लिहून ठेवलंय की इथे हिवाळा लागला, चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल.

बी-२०३: हिवाळा? जुन्नरच्या पावसाला?

सी-१०१: हो वहिनी. मला तर यात चूक वाटत नाही. त्याच्या मुलखात ज्या ऋतूत वाट बंद होते आणि व्यापाऱ्याला एका जागी थांबावं लागतं तो हिवाळा. आपल्याकडे वाट पावसाने बंद होते. त्याने आपल्या शब्दात आपला पाऊस बसवला.

ए-७०४: सर, मी सहा वर्षं उलट करत होते. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडायचा, डिसेंबरात तर दिवस सात तासांचा, आणि मी आईला फोनवर म्हणायचे, इथे आषाढ लागलाय, घराबाहेर पडवत नाही. काकू, तो अंधार खरा जड जातो. पहिल्या डिसेंबरात तिला रोज फोन करा. आणि जूनमध्ये साडेसतरा तासांचा दिवस असतो, तेव्हा ती तुमचा फोन उचलणार नाही, वोल्गेच्या काठी असेल.

बी-२०३: आज हसले मी, बऱ्याच दिवसांनी.

ए-७०४: नदीचं एकच. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये बर्फावर पाय टाकायचा नाही. मधल्या महिन्यांत लोक भोक पाडून मासे धरत बसतात, ते बघून मुलांना वाटतं नेहमीच चालता येतं. मार्चचा बर्फ वरून सारखाच दिसतो, खालून पाण्याने पोखरलेला असतो.

सोसायटी ऑफिस: सूचना. उद्या सकाळी १० ते २ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

बी-२०३: बेटा, तू उद्या घरी कधी असतेस? तिला घेऊन येते. तिला विचारायला लाज वाटते, मला नाही.

ए-७०४: संध्याकाळी सहानंतर. माझे फरचे बूट अजून माळ्यावर आहेत, पायाला आले तर घेऊन जा. आणि चार रशियन वाक्यं पण शिकवते, पहिलं बातारेयाचंच.

ए-३०१: आणि रविवारी मी तिला रेवदंड्याला नेते. त्वेरला पुतळ्यापाशी उभी राहील तेव्हा सांगायला काहीतरी हवं. पहाटे साडेपाचला गेटपाशी, वहिनी, तुम्ही पण चला.

बी-२०३: येतो. डबा मी करते.